पोलादी वहिनींचे ठोके

आमच्या वहिनी लग्न होऊन घरी आल्या त्या दिवशी त्यांचा पियानो दारात अडकला. अर्धा आत, अर्धा बाहेर. हमाल एकमेकांवर खेकसत होते, दादाच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि आई आतून "दाराला हात लावायचा नाही, आधीच सांगते" एवढंच पुन्हा पुन्हा ओरडत होती. बाहेर रस्त्यावर वहिनी तेवढ्या शांत. त्यांनी हातातली पर्स माझ्याकडे दिली, खिडकीची चौकट दोन बोटांनी वाजवून पाहिली आणि म्हणाल्या, "भाऊजी, ही स्क्रूवर आहे. निघेल." निघाली. पियानो खिडकीतून आत आला आणि आजही त्याच खिडकीखाली आहे. तेव्हापासून घरात सगळ्यांची खात्रीच पटली, की जग इकडचं तिकडे झालं तरी या बाईच्या कपाळावर आठी पडायची नाही.

ही कीर्ती पुढे घराबाहेरही गेली. वहिनी संगीत विद्यालयात साथीचा पियानो वाजवतात. म्हणजे परीक्षेला व्हायोलिनवाला, बासरीवाला, गाणारी, जो कोणी असेल तो पुढे, आणि मागे पियानोवर वहिनी. पुढच्याने घाबरून अख्खी ओळ गिळली तर वहिनीही ती तेवढ्याच सफाईने गिळतात. तो धावला की धावतात, अडखळला की असं काही वाजवतात की ऐकणाऱ्याला वाटावं, लिहिलंयच तसं. टाळ्या अर्थात पुढच्याला. पंख्याने स्वरलिपीची पानं उडू नयेत म्हणून त्यांच्या पिशवीत कपडे वाळत घालायचे चिमटे असतात आणि कानामागे पेन्सिल असते. मुलं त्यांना समोर 'काकू' म्हणतात आणि मागे 'पोलादी काकू'. हे दुसरं नाव त्यांना ठाऊक होतं. कधी हसल्या नाहीत, कधी रागावल्याही नाहीत.

खोड म्हणाल तर एकच, इस्त्री. परीक्षा जवळ आल्या की वहिनी इस्त्री काढतात आणि घरात जे जे सपाट होऊ शकतं ते ते सपाट करतात. आधी शर्ट, मग चादरी, उशांचे अभ्रे, रुमाल, शेवटी ओट्यावरची फडकी. दादाचं चष्म्यांचं दुकान आहे. त्याची काचा पुसायची मऊ कापडं त्यांनी एकदा इतकी कडक करून ठेवली की एका गिऱ्हाईकाच्या काचेवर ओरखडा उठला. मोज्यांनासुद्धा घडी! आम्ही याला वहिनींची टापटीप म्हणायचो. घरच्या माणसांबद्दल विचार करायचा आपल्याला किती कंटाळा असतो, हे मला आता कळतंय.

मी वहिनींचा धाकटा दीर. त्याच विद्यालयात वायरवाला. मायक्रोफोन, स्पीकर, संगणक, ज्याला ज्याला प्लग आहे ते बिघडलं की मला हाक. लग्न केलं नाही, वरच्या मजल्यावर राहतो आणि खाली जेवतो.

तर एके दिवशी प्राचार्यांनी बैठक बोलावली. बैठक म्हटलं की माझं पित्त खवळतं, पण या वेळचा विषय खरा होता. परीक्षेच्या आधी मुलं आजारी पडत होती. स्वच्छतागृहात कोंडून घेऊन रडत होती. चांगली तयारीची मुलं वर्ष अर्धवट टाकून घरी जात होती. त्यासाठी एक समुपदेशक बाई नेमल्या होत्या. सदा धावण्याचे बूट घालणाऱ्या आणि कुणाशीही बोलताना आधी खुर्ची ओढून बसणाऱ्या. त्यांनी टेबलावर एक खोका ठेवला आणि त्यातून पट्टे काढले. रबरी, करड्या रंगाचे, घड्याळासारखे, फक्त तबकडी नसलेले.

बाईंनी समजावून सांगितलं. पट्टा हृदयाचे ठोके ओळखतो, घाम ओळखतो. जीव घाबरा झाला की तो अंगाला सावकाश थापा देतो आणि त्या थापांवर लांब श्वास घ्यायला लावतो. कुणाचं काय चाललंय ते फक्त बाईंना त्यांच्या टॅबलेटवर ठिपक्यांच्या रंगांत दिसणार. घालायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. शिवाय ज्याला हवं असेल त्याने आपला एक 'सोबती' निवडायचा. सोबत्याच्या पट्ट्यावर याचे ठोके हलकेच कळणार, आणि सोबत्याला वाटलं तर तो तिकडून दोन थापा पाठवणार. मी आहे, एवढंच सांगायला.

"म्हणजे आता घाबरायलाही यंत्र," मी वहिनींच्या कानात म्हणालो.

"ऐकून तरी घ्या, भाऊजी."

पट्टे सांभाळायचं काम कुणाच्या गळ्यात पडलं असेल ते सांगायला नको.

सुरुवातीला नुसती भंबेरी उडाली. व्हायोलिनची मुलं डावा हात तारेवर थरथरवून सूर गोड करतात. पट्ट्याला वाटायचं, पोरगं भीतीने कापतंय. एकदा तर ठिपका लालभडक झाला म्हणून समुपदेशक बाई जिन्यावरून धापा टाकत वर पळाल्या, आणि आत मुलगा डोळे मिटून मजेत वाजवत होता. मग पट्टा उजव्या हाताला बांधला, तर तिथे तारांवर ओढायचा गज, म्हणजे बो, सारखा वर-खाली. शेवटी तंतुवाद्यांच्या सगळ्या मुलांनी तो पायाच्या घोट्याला बांधला. ड्रमवाल्यांचं तर काहीच करता येईना, त्यांचे हातपाय दोन्ही कामात.

पण खोटं कशाला बोलू, उपयोगही झाला. बाईंच्या लक्षात आलं, की मुलांचे ठिपके परीक्षेच्या खोलीत लाल होत नाहीत, तर खोलीबाहेरच्या बाकावर होतात. त्या बाकावर बसून आधीच्या मुलाचं वाजवणं भिंतीतून ऐकू येतं, आणि तिथेच बिचाऱ्यांचे हातपाय गळतात. बाईंनी बाक उचलून कोठारात टाकायला लावला आणि मुलांना खाली अंगणात थांबायला सांगितलं. इतकी वर्षं तो बाक तिथे होता. आम्ही सगळे त्याच्यावर बसून चहा पीत होतो, आणि कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी पट्ट्यांची चेष्टा जरा कमी केली.

आता चेलोवालीबद्दल सांगायला हवं. अंगाने एवढीशी आणि पाठीवर तिच्याहून मोठा चेलो, म्हणजे बसून वाजवायचं थोरलं व्हायोलिनच. लांबून पाहिलं तर चेलोच दोन पायांवर चालतोय असं वाटायचं. वाजवायची मात्र अशी की मी हातातला पाना खाली ठेवून ऐकत बसायचो. आदल्या वर्षी शेवटच्या परीक्षेत, संथ भागातल्या एका लांबलचक सुरावर, तिचा बो थरथरायला लागला. सूर फाटला. ती थांबली, चेलो खुर्चीला टेकवला आणि निघून गेली, ती थेट घरी. विद्यालयाच्या नियमात दुसरी संधी एकदाच. या वर्षी जमलं नाही तर चेलो विकायचा आणि मामांच्या फरशीच्या दुकानात बसायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. हे ती हसत सांगायची, त्यामुळे जास्तच वाईट वाटायचं.

तिने सोबती म्हणून निवडलं वहिनींना. वहिनींना मग पट्टा घ्यावाच लागला. हातात पियानो आणि पायात पेडल, म्हणून त्यांनी तो दंडाला बांधला, बाहीच्या आत.

पहिल्याच सरावाला मी खोलीत मायक्रोफोन लावत होतो. संथ भाग सुरू झाला. चेलोवालीची ती अवघड जागा जवळ आली तसे तिचे ठोके वाढले. ते वहिनींच्या दंडावर कळले. आणि ज्या बाईने आयुष्यभर समोरच्याच्या मागे जाण्याखेरीज दुसरं काही केलेलं नाही, तिची बोटं त्या ठोक्यांच्या मागे निघाली. पियानो जरासा पळाला. पोरीला वाटलं, आपण रेंगाळतोय. तिने वेग वाढवला, तशी छाती आणखी धडधडली, तसा पियानो आणखी पळाला. संथ, दुःखी असा तो भाग. शेवटच्या ओळीला दोघी अशा पोहोचल्या, की जणू बस सुटत होती.

मग चेलोवाली चेलोवर डोकं टेकून खदखदा हसायला लागली.

"काकू, तुम्ही चेलो सोडून माझ्या छातीची साथ केलीत!"

"काय करू गं," वहिनी ओशाळून म्हणाल्या. "कुठून ठोका आला की बोटं निघतातच."

"मग उलटं करा ना. तुमचे ठोके मला पाठवा. तुम्ही काय, पोला—" तिने जीभ चावली. "म्हणजे, तुमचे कधी हलतच नसतील."

"नको," वहिनी म्हणाल्या. इतक्या पटकन, की मी वर पाहिलं.

"सोपं आहे, वहिनी," मी म्हणालो. "एक बटण इकडचं तिकडे."

"भाऊजी, तुम्हाला कुणी विचारलं?"

पण पोरीचा चेहरा एवढासा झाला. वहिनींनी कानामागची पेन्सिल काढली, परत तिथेच लावली आणि म्हणाल्या, "सरावापुरतं. मग बघू."

आणि काय सांगू, जमलं! चेलोवालीच्या घोट्यावर वहिनींचे ठोके पडायला लागले. सावकाश, एकसारखे. एखादं घरातलं माणूस शेजारच्या खोलीत कामाला लागलेलं असावं, तसे. ती अवघड जागा आली की पोर त्या ठोक्यांना धरून पलीकडे जायची. एकदा नाही, रोज. समुपदेशक बाई खूष, मी तर बटण मीच शोधून काढल्यासारखा हिंडत होतो. घरी मात्र इस्त्री सुरू झाली होती. या खेपेला पडदेसुद्धा उतरले.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा एका सकाळी मी चहाला खाली आलो. वहिनी ओट्याचं फडकं इस्त्री करत होत्या.

"भाऊजी, परीक्षेच्या दिवशी ते बंद ठेवता येईल?"

"बंद? त्याच दिवशी तर तिला हवंय."

"सरावाला मी शांत असते. परीक्षेला नसते."

"म्हणजे?"

"म्हणजे भीती वाटते. दर वेळी. पहिल्या परीक्षेपासून आजपर्यंत एकही चुकली नाही."

मला वाटलं गंमत करतायत. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"ही इस्त्री कशासाठी आहे असं वाटतं तुम्हाला? मला मोजे कडक आवडतात म्हणून?"

मी खुर्चीत बसलो. वहिनींनी फडकं उलटवलं आणि त्याच आवाजात सांगितलं, की त्यांनाही एके काळी एकटीने वाजवायचं होतं. "पण एकटी बसले की हात उचलायचेच नाहीत. नुसते मांडीवर पडून राहायचे. दुसऱ्या कुणासाठी वाजवायचंय म्हटलं की उचलतात. म्हणून साथीला आले. भीती गेली नाही, पण हात तरी उचलतात."

"दादाला माहीत आहे?"

"त्यांना वाटतं मला टापटिपीची हौस आहे."

मला फार वाईट वाटलं. स्वतःचा रागही आला. इतकी वर्षं त्या कडक रुमालांनी मी नाक पुसत होतो.

"आणि आता त्या दिवशी तिला माझे ठोके गेले," वहिनी म्हणाल्या, "तर ती पहिल्या ओळीलाच उठून जाईल. शेवटची संधी आहे तिची."

तेव्हा मला एक युक्ती सुचली. मला अशा युक्त्या सुचतात, हेच माझं दुर्दैव. सरावातले वहिनींचे ठोके पट्टे सांभाळायच्या माझ्या संगणकात साठवलेले होते. परीक्षेच्या दिवशी तेच तिच्या घोट्यावर सोडायचे. पोरीला कळणारसुद्धा नाही.

"खोटं आहे ते," वहिनी म्हणाल्या.

"औषध समजा."

त्यांनी हातातल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "तिच्यासाठी म्हणून करा," आणि पुढचं फडकं घेतलं.

परीक्षेच्या दिवशी मंचाच्या मागच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. चेलोवाली चेलो धरून बसलेली, वहिनी चिमटे मोजतायत, मी कोपऱ्यात संगणक घेऊन. मी साठवलेले ठोके सोडले. पोरीच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तेवढ्यात तिने मान वाकडी केली, जसं वाद्याचा सूर उतरलाय का हे ऐकताना करतात.

"काकू, आत्ता इथे तुम्ही शिंकणार."

"काय?"

"हे बघा... आला! इथे एक ठोका उडी मारतो. मंगळवारच्या सरावाला तुम्ही शिंकला होतात ना, अगदी तसाच. हे आजचं नाहीये. मंगळवारचं आहे." तिने माझ्याकडे पाहिलं. "हो ना, काका?"

ही मुलं ऐकण्यातच वाढलेली. त्यांच्या पायाला ठोके बांधायचे आणि त्यांना कळणार नाही म्हणायचं, हा शहाणपणा फक्त मीच करू जाणे. मी संगणकात तोंड खुपसलं. पोरीचा रंग पुन्हा उतरला. "आजचे का नाही? तुम्ही येणार नाही आहात का माझ्याबरोबर?"

वहिनींनी चिमटे पिशवीत टाकले.

"भाऊजी, खरे सोडा."

"वहिनी—"

"सोडा म्हणते ना."

मी सोडले. चेलोवाली दचकून घोट्याकडे बघायला लागली. मग वहिनींच्या चेहऱ्याकडे. चेहरा तोच, पियानो दारात अडकला होता त्या दिवशीचा. एक रेष हललेली नाही.

"हे तुमचे?"

"माझे."

"आत्ताचे?"

"आत्ताचे. दर परीक्षेला हेच. तू एकटीच घाबरतेस असं समजू नकोस."

पोरीने पुन्हा खाली पाहिलं. "काकू," ती हळूच म्हणाली, "तुम्ही तर माझ्यापेक्षा जास्त घाबरलायत." आणि तिला हसू यायला लागलं. वहिनींनाही आलं. तेवढ्यात बाहेरून पुकारा झाला.

मी बाजूला ध्वनिमुद्रणाच्या टेबलाशी उभा होतो. माझा जीव टांगणीला लागलेला. पहिला भाग नीट गेला. संथ भाग सुरू झाला, आणि ती जागा आली. तोच लांब सूर. बरोबर तिथेच वहिनींचा एक चिमटा निसटला. पानं सरकली आणि घसरून खाली गेली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी वहिनींचे हात पियानोवर थांबलेले पाहिले. नुसते थांबलेले, उचलतच नव्हते.

चेलोवालीची पाठ होती त्यांच्याकडे. तिला काही दिसणं शक्य नव्हतं. पण मी तिचा पाय पाहिला. तो एकदम दबला. ठोक्याने मारलेली उडी तिला कळली. आणि तिने तो सूर सोडलाच नाही. जिथे संपायला हवा होता त्याच्या पुढे नेला, आणखी पुढे नेला, पातळ पण सरळ, आणि मान किंचित मागे वळवून वाट पाहत राहिली. गेल्या वर्षी ज्या सुरावर तिचा बो थरथरला तोच हा सूर. या वेळी तिचं लक्ष स्वतःच्या हाताकडे नव्हतंच. वहिनींनी खाली वाकून पान उचललं, मांडलं, आणि हात उचलले. मग दोघी पुढे गेल्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी कुणापासून लपवत नाही. वहिनींनी आजवर शेकडो मुलांना सांभाळून घेतलं असेल. त्यांना सांभाळून घेतलेलं मी तेव्हाच पाहिलं.

ती पास झाली. परीक्षकांनी त्या लांबवलेल्या सुराचं खास कौतुक केलं, तिथे थांबण्याची हिंमत लागते म्हणाले. दोघींनी मान खाली घालून आभार मानले आणि बाहेर येऊन अंगणात पोट धरून हसल्या. चेलो विकला नाही. ती आता दुसऱ्या गावी लहान मुलांना शिकवते. मामांनी फरशीच्या दुकानात दुसरी मुलगी ठेवली.

घरी वहिनींनी दादालाही सांगून टाकलं. तो जेवता जेवता थांबला, मग म्हणाला, "मोज्यांचं तरी आधी सांगायचंस." दुसऱ्या दिवशी दुकानातली सगळी कापडं आणून त्याने स्वतःच इस्त्रीच्या टेबलावर ठेवली. त्याचं प्रेम असंच, गुपचूप.

या वर्षी परीक्षा जवळ आल्या तेव्हा वहिनी पट्टा घेऊन माझ्याकडे आल्या. "भाऊजी, यात माझा सोबती निवडायचा राहिलाय."

"माझं नाव घाल की," दादा आतून ओरडला.

"तुम्ही राहू द्या. तुमचीच धडधड सुरू होईल." आणि मला म्हणाल्या, "आपली चेलोवाली. तिचा पट्टा अजून तिच्याकडेच आहे. तिला विचारलंय मी. हो म्हणाली."

परीक्षेच्या पहिल्या दिवशी सकाळी वहिनी उशांचे अभ्रे इस्त्री करत होत्या. पहिलाच अभ्रा अर्ध्यावर होता. तेवढ्यात त्या थांबल्या आणि त्यांनी दुसरा हात दंडावर ठेवला. दोन थापा आल्या असाव्यात. थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग इस्त्रीचं बटण बंद केलं, चिमट्यांची पिशवी उचलली आणि, "येते हं," म्हणून निघून गेल्या.

त्या रात्री आम्ही सगळे चुरगळलेल्या उशांवर झोपलो.